दुपारची गोळी

अहो,

तेरवी आटोपली. पाहुणे गेले, मंडपवाला सतरंज्या घेऊन गेला, मेघा काल दुपारच्या गाडीनं नागपूरला परतली. मुलीला किती दिवस अडवून ठेवायचं! आज सकाळी पहिल्यांदा माझ्या एकटीपुरता चहा ठेवला आणि सवयीनं साखर तुमच्या मापाची घातली. गोडमिट्ट झाला. टाकून द्यायचं जिवावर आलं, म्हणून प्यायले तसाच.

कॉलेजात तुमची शोकसभा झाली, ते सांगायचंच राहिलं. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. एकेक जण उठून बोलत होता. तुम्ही ऋषितुल्य होतात म्हणे. तुम्ही ज्ञानाचा झरा होतात, प्राणिशास्त्राचे गाढे अभ्यासक होतात, पुसदच्या शैक्षणिक क्षेत्रात पोकळी निर्माण झाली म्हणे. तुमचा तो टकल्या विद्यार्थी, आता स्वतःच प्राध्यापक झालाय, तो तर बोलता बोलता रडला. पण बाप्पा, एकानंही बोकडाचं नाव काढलं नाही! ज्यांनी ज्यांनी तो बोकड स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, ते सगळे तिथं सज्जन चेहरे करून बसले होते. मला असं हसू फुटलं की पदर तोंडाला लावावा लागला. बाजूच्या बाईंना वाटलं, मला हुंदका आला. त्यांनी बराच वेळ माझ्या पाठीवरून हात फिरवला.

तुमच्याबद्दल चांगलं बोलणारे पुष्कळ आहेत, त्यात माझी भर कशाला. मला भांडायचंय. आपलं एक भांडण दिग्रसच्या बसस्टँडवर अर्धं राहिलं होतं, ते तुम्ही पुरं न करताच निघून गेलात. अन् त्या भांडणाचं उत्तर मला नंतर मिळालं होतं, ते मी तुम्हाला सांगितलं नाही. आज सांगते. एरवी मी तोंड उघडलं की तुमचं मधेच 'पण सुमन, मुद्दा असा आहे' सुरू व्हायचं. आज ती भीती नाही. जन्मात पहिल्यांदा माझं वाक्य पुरं होणार आहे.

तर बोकड. शेळ्या पाळणाऱ्या सोनाबाईच्या तांड्यावरचा, सरदार नावाचा. शेवटच्या वर्षाच्या पोरापोरींना घेऊन तुम्ही दर वर्षी तिथं जायचात. एकदा मलाही नेलंत, 'तूबी पाह्य एकदा' म्हणून. सोनाबाईच्या वाड्यात मधे जाळीचं फाटक. इकडे सरदार, तिकडे माजावर आलेली शेळी. सरदार नुसता वासानंच पिसाळलेला. वरचा ओठ वर वळवायचा, पाय आपटायचा, फाटकाला धडका द्यायचा, अन् गळ्यातून असा आवाज काढायचा की पोरी जमिनीकडे पाहू लागल्या आणि पोरं आभाळाकडे.

"वर पाहा रे," तुम्ही खेकसलात. "लाजायचं असंन तर परीक्षेत लाजा. काय दिसून राह्यलं तुम्हाले?"

मग तुम्हीच फाटकावर हात आपटलात.

"फाटक बंद हाये. याले अजून काहीच भेटलं नाही. तरी याच्या मेंदूत डोपामिन वाढून राह्यलं. भेटल्याचा आनंद म्हणून नाही, भेटन म्हणून. हे फाटकापाशी उभं राहणं, हे धडका देणं, हे सगळं त्याच्या जोरावर. समजलं?"

तेवढ्यात मागून सोनाबाई ओरडली, "सर, सोडा ना जी बिचाऱ्याले! शिकवून झालं असंन तर सोडा. कायले तरसवता!" मग पोरं जी हसली, ती तांड्यावरची कुत्री भुंकेपर्यंत हसली.

अन् मग तुमचा तो दुसरा भाग. सरदारचं सगळं उरकलं, तो एका कोपऱ्यात रवंथ करत बसला की तुम्ही दुसरी शेळी आणवायचात. हा पठ्ठ्या ताडकन उभा! तुम्ही घड्याळ लावल्यासारखे म्हणायचात, "पाहा, नवी दिसली, पुन्हा वाढलं."

त्या दिवशी जेवताना मी तुम्हाला विचारलं होतं, "म्हंजे नवी आली की जुनी गेली, असंच ना?"

"अगं, बोकडाचं सांगून राह्यलो मी."

"बोकडाचंच सांगा. इथं कोणी दुसऱ्याचं विचारलं का?"

तुम्ही हसलात आणि ताटात पाहिलंत. वरणात डाळ शोधावी लागत होती तुम्हाला त्या दिवशी. मुद्दामच केलं होतं मी.

तुमचं म्हणणं काय होतं, ते मला तोंडपाठ आहे. आयुष्यभर ऐकलं. ओढ वेगळी आणि आवड वेगळी. उंदीर साखरेकडे धावतो, ती ओढ. साखर जिभेवर पडल्यावर मिशा चाटतो, ती आवड. दोन्हीची घरं मेंदूत शेजारी शेजारी असतात म्हणून लोक त्यांना एकच समजतात. डोपामिनचं खरं काम ओढ लावायचं. ते काढून घेतलं तर उंदीर साखरेपर्यंत जाणार नाही, साखर समोर असून उपाशी बसेल. पण कोणी ती त्याच्या जिभेवर ठेवली तर मिशा तश्शाच चाटेल. अन् माझं म्हणणं ठरलेलं, की ओढ नाही म्हणजे आवड नाही, त्यात एवढं शास्त्र कशाला? ज्याला यायचं असतं तो येतो. तुम्ही कपाळाला हात लावायचात. 'झेडपीच्या मास्तरणीले कोण समजवन' असं म्हणायचात आणि मी दिवसभर बोलायचे नाही.

पण एक सांगू? हे सगळं घरात मोठ्यानं बोलता येत होतं ना, त्याचं मला फार अप्रूप होतं. ज्या घरात मी वाढले तिथं बाईनं पोट दुखतं म्हणायचं तेही हळू आवाजात. मेघा वयात आली तेव्हा मी चार दिवस शब्द जुळवत होते. तुम्ही जेवणाच्या पाटावर तिला सगळं सांगून मोकळे, वर पालकाची भाजी जास्त खा म्हणून! एकदा एका मुलीचे वडील तक्रार घेऊन घरी आले होते, सर आमच्या मुलीला नको ते दाखवतात म्हणून. तुम्ही त्यांना चहा पाजला, अन् गाय गाभण राहते कशी हे त्यांनाच विचारलंत. शेतकरी माणूस, ते इतकं छान सांगू लागले की चहा गार झाला. जाताना म्हणाले, "मंग हेच शिकवता का जी? हे तर तिले माहीतच असंन." मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. मला माझ्या नवऱ्याचा अभिमान वाटला होता त्या दिवशी. तेही कधी सांगितलं नाही.

बोलण्यात तुम्ही असे. अन् मी? बोलायला मीही कमी नाही, सगळ्या पुसदला माहीत आहे. पण एका बाबतीत माझं तोंड शिवलेलं. लग्नात पाठवणीच्या वेळी आत्यानं मला बाजूला घेऊन एकच गोष्ट बजावली होती. "नवऱ्यापाशी आपण होऊन जायचं नाही, पोरी. हाक आली तर जायचं." मी ते असं गाठीला बांधलं की सुटलंच नाही.

तुमची हाक कशी, ते तुम्हाला माहीत आणि मला. बाभुळगावच्या घरी सासू-सासरे, दीर, जावा, सगळे एका छपराखाली. तिथं नाव घेऊन हाक कोण मारतो! रात्री निजायच्या वेळी तुम्ही विचारायचात, "तांब्या भरून ठेवला का?" तांब्या तुमच्या उशाशी भरलेलाच असायचा, मीच ठेवलेला. तरी मी 'पाहते' म्हणून उठायचे. पुढं पुसदला आलो, स्वतःचं घर झालं, दार लावून घ्यायची सोय झाली, तरी आपलं तेच. मेघा कॉलेजात जायला लागली तेव्हाही तेच. तांब्या भरून ठेवला का. अन् इतक्या वर्षांत मी एकदाही, एकदासुद्धा, तुम्ही न विचारता तांब्या घेऊन आले नाही. तुम्ही यायचं, मी वाट पाहायची, असा आपला संसार. मला त्यात कधी कमी वाटलं नाही, कारण तुम्ही येत होतात.

मग तुमचं अक्षर बारीक व्हायला लागलं. ते आधी माझ्याच लक्षात आलं. आयुष्यभर पोरांच्या पाट्या तपासल्या मी, अक्षर बदललं की मला कळतं. मग शर्टाच्या गुंड्या लागेनात. चेहऱ्यावरचं हसू उशिरा येऊ लागलं, अन् मग यायचंच थांबलं. यवतमाळच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. परतताना बसमध्ये तुम्हीच मला समजावून सांगितलंत, जसं काही दुसऱ्या कोणाचं दुखणं आहे.

"मेंदूतलं डोपामिन आटून राह्यलं, सुमन. आयुष्यभर ज्याच्यावर बडबड केली तेच नेमकं." अन् हसायला गेलात, तर चेहरा हललाच नाही.

मी बाहेर कपाशीच्या पळाटीची वावरं पाहत बसले. मला तेव्हा तुमच्या हातापायाची काळजी वाटायला हवी होती. पण माझ्या डोक्यात आधी आला तो सरदार. फाटकापाशी उभा. अन् ते आटलं तर तो फाटकापाशी येईल का, हे.

नाहीच आलात तुम्ही. तांब्या मी रोज भरत होते. तुम्ही विचारत नव्हतात.

वय झालं, आजार आहे, हे मला कळत नव्हतं असं नाही. तोंडानं मी मेघाला तेच सांगायचे, तुझ्या बाबांना आता आराम हवा. पण आतून मला लागलं होतं, ते खरं. तुम्ही अंगणातल्या खुर्चीवर बसून राहायचात. जेवायला वाढलं की जेवायचात, नाही वाढलं तर मागायचा नाहीत. बातम्या लावल्या की पाहायचात, बंद केल्या तरी तिकडेच पाहायचात. मी समोरून गेले काय नि न गेले काय. मला वाटायचं, आपण या माणसाच्या डोळ्यांतून उतरलो. चाळीस वर्षांचं सगळं त्या आटलेल्या पाण्याबरोबर गेलं.

अन् मग ती नवी गोळी आली! आठवतं ना? चांगलं आठवत असेल. पहिल्यांदा चाल सुधारली. मग एक दिवस तुम्ही मोगऱ्याचा गजरा घेऊन आलात, भर बाजारातून, थरथरत्या हातात धरून. मी म्हटलं, "हे काय जी, लोकं काय म्हणतील." तर म्हणालात, "लोकाइले सांग, नवऱ्यानं आणला." मग स्वयंपाकघरात यायला लागलात. कणीक मळताना मागं उभे. तांब्याची चौकशी सकाळी पण व्हायला लागली, दुपारी पण. मी तुम्हाला रागवायचे, आणि आरशासमोर जरा जास्त वेळ थांबायचे. हिरवी साडी घेतली. खोटं कशाला बोलू, मला आवडत होतं. फार आवडत होतं. केस पांढरे झालेली बाई मी, अन् दुपारी वेणी घालत होते.

त्याच महिन्यात घरी टॉर्ची येऊ लागल्या. तुम्ही मोबाइलवरून मागवायचात. लहान टॉर्च, मोठी टॉर्च, डोक्याला बांधायची टॉर्च, सायकलची टॉर्च, अन् आपल्याकडे सायकल नाही! मी ओरडले की म्हणायचात, "लाईट जाते ना." पोस्टाचा माणूस मला विचारायचा, सरांनी दुकान टाकलं का म्हणून. मला गंमत वाटायची. मी त्या टॉर्ची आणि तो गजरा एकमेकांना जोडून पाहिलं नव्हतं.

जोडून दाखवलं ते डॉक्टरांनी. चांगला पोरगा होता, वयानं आपल्या मेघापेक्षा लहान. त्यानं विचारलं, या गोळीनं काही जणांना कशाची तरी फार ओढ लागते, खरेदी म्हणा, पत्ते म्हणा, तसं काही झालं का. मी हसत हसत टॉर्चींचं सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "आणखी काही?" मी पिशवीचा बंद आवळू लागले. अन् तुम्ही, शोकसभेतले ऋषितुल्य तुम्ही, सरळ सांगून मोकळे झालात, "हाव, हाये ना. बायकोकडची ओढ वाढली. लय वाढली."

"गोळीमुळे होतं सर," तो पोरगा म्हणाला. "आपण कमी करू." अन् कागदावर खाली मान घालून लिहायला लागला.

माझे कान तापले. मला वाटलं, कोणीतरी भर चौकात माझा गजरा ओढून काढला. टॉर्च आणि मी. एकाच ओळीत.

दिग्रसला बस चहाला थांबली. तुमचा कप मी धरला होता, तुम्ही माझ्या हातातूनच घोट घेत होतात. अन् मला राहवलं नाही.

"म्हंजे ते तुम्ही नव्हतेच. ती गोळी होती."

"पण सुमन, मुद्दा असा आहे. आधी जे होतं तेबी रसायनच होतं ना? ते माह्या डोक्यात बनत होतं, हे कारखान्यात बनते. तेवढाच फरक."

"वा रे! म्हंजे आधीबी तुम्ही नव्हते!"

"कायले असं बोलतं? गोळीनं पायात बळ दिलं. जायचं कुठं, हे गोळीले काय माहीत?"

"बोकडाले कोणतीबी चालते," मी म्हटलं. "तुम्हीच दाखवलं मले. अन् तुम्हाले तर टॉर्चबी चालते."

बाजूच्या बाकड्यावरचा माणूस आमच्याकडे पाहायला लागला. तुम्ही काहीतरी बोलणार होतात. ओठ हलले. पण तुम्हाला शब्द जुळवायला वेळ लागायचा तेव्हा, अन् तेवढ्यात ड्रायव्हरनं हॉर्न मारला. मी तुमचा हात धरून तुम्हाला बसमध्ये चढवलं. पुसद येईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहिलं. तुम्ही काय बोलणार होतात, ते मी नंतर विचारलं नाही.

गोळी कमी झाली. टॉर्ची थांबल्या. गजराही थांबला, तांब्याही. हिरवी साडी मी कपाटात खालच्या खणात टाकली. तुम्ही पुन्हा खुर्चीत, मी पुन्हा स्वयंपाकघरात. माझं म्हणणं सिद्ध झालं होतं, जिंकले होते मी. असं वाईट जिंकणं कोणाच्या वाट्याला येऊ नये.

एकदा मी ओसरीवर तूर निवडत बसले होते. तुम्ही खुर्चीत. तुम्ही आपण होऊन बोलत नव्हतात त्या दिवसांत, म्हणून मी दचकलेच.

"उंदीर," तुम्ही म्हणालात.

मी सूप उचललं. "कुठं?"

"प्रयोगातला. दोन मजल्याचा पिंजरा. मादी येणार, हे नराले माहीत असते. तिले पाहाले तो वर जाते, खाली जाते, वर जाते. डोपामिन अडवलं की ते जाणं थांबते. एका जागी बसून राह्यते." तुम्ही थांबलात. दम घेतलात. तुमचा आवाज तेव्हा इतका खाली गेला होता की मला सूप थांबवावं लागलं. "पण मादी त्याच्यापाशी आली ना, सुमन... ती आली, तर मंग तो पहिल्यासारखाच. तो जात नाही. म्हणून त्याले नको असते, असं नाही."

अन् मी काय म्हटलं? "आता पुन्हा उंदराचं पुराण नका काढू," म्हटलं. गॅसवर दूध होतं, ते उतू जाईल म्हणून उठून गेले.

तुम्हाला चार वाक्यं बोलायला किती जोर लागत होता ते मला माहीत होतं. तरी मला वाटलं, शिकवायची जुनी सवय. तुम्ही मला शिकवत नव्हतात, बोलावत होतात. तांब्या भरून ठेवला का, एवढं म्हणायलाही जी ओढ लागते ती तुमच्यात उरली नव्हती, म्हणून तुम्ही लांबून, उंदराच्या वाटेनं आलात. मला ते तेव्हा कळलं नाही. आपल्यासारख्या माणसांचंच हे व्हायचं बघा. नवरा बोकड आणि उंदीर सोडून बोलणार नाही, अन् बायको हाक आल्याशिवाय हलणार नाही.

कळलं ते खडूमुळे. तुमचे पाय दारात अडायला लागले होते. उंबऱ्यापाशी आलात की पाय जमिनीला चिकटल्यासारखे. ओढलं तर पडाल, थांबलं तर तिथंच. डॉक्टरांनी सांगितलं, जमिनीवर आडव्या रेघा काढा, रेघ दिसली की पाय उचलतो. मला खरं वाटलं नाही. पण शाळेतून निवृत्त होताना आणलेली खडूची पेटी होतीच, मी बसले फरशीवर आणि खोलीपासून न्हाणीपर्यंत रेघा ओढल्या, वीतभर अंतरानं. तुम्हाला उभं केलं. तुम्ही पहिल्या रेघेकडे पाहिलंत. अन् उचलला पाय! दुसरी रेघ, दुसरा पाय. जो माणूस हात धरून ओढला तरी हलत नव्हता, तो रेघांवरून चालत न्हाणीपर्यंत गेला. मी भिंतीला धरून उभी. मदतीला येऊन राहिलेली मेघा टाळ्या वाजवत होती.

मग मी दर दोन दिवसांनी त्या रेघा गिरवायचे. पुसलेल्या दिसल्या की खडू. एका दुपारी अशीच खाली बसून गिरवत होते. मेघा बाजारात गेली होती. तुम्ही पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेले. सकाळच्या गोळीचा असर उतरलेला, दुपारची द्यायची होती. ती तुमची सगळ्यात वाईट वेळ. अंग लाकडासारखं व्हायचं, कूस बदलायलाही आम्ही दोघी लागायचो. मी रेघ ओढता ओढता थांबले. माझ्या मनात आलं, याला पाय उचलता येत नाही असं नव्हतंच. समोर काही आलं पाहिजे होतं. आणि मग एकदम ती तूर, ते सूप, ते उतू जाणारं दूध, सगळं आठवलं. ती आली, तर मंग तो पहिल्यासारखाच.

मी तशीच बसून राहिले. हाताला खडू लागलेला. आत्या मरून किती वर्षं झाली होती, तरी ती कुठूनतरी पाहते आहे असं मला वाटत होतं. भर दुपारी. दार सताड उघडं. पासष्टी ओलांडलेली बाई.

उठले. हात धुतले. माठातून तांब्या भरला. दार लोटलं, कडी नाही लावली, तेवढी हिंमत नव्हती. रेघा ओलांडत तुमच्या पलंगापाशी आले आणि उभी राहिले. छातीत असं धडधडत होतं, बाभुळगावच्या घरात पहिल्यांदा धडधडलं होतं तसं.

"अहो," मी म्हटलं. "तांब्या भरून आणला जी."

तुम्ही हलला नाहीत. पंखा फिरत होता. मला वाटलं, झोप लागली असेल. मला वाटलं, ऐकूनही काही वाटलं नसेल, अन् आपण उगाच. तांब्या खाली ठेवून परत फिरावं, असं आलं मनात. पण ठेवला आणि थांबले.

मग तुमचा खांदा हलला. आधी खांदा, मग कंबर. दोघींनी मिळून जो माणूस हलवावा लागत होता, तो एकटा, इंच इंच, भिंतीकडे सरकला. किती वेळ लागला कोण जाणे, मी मदत केली नाही. मला ते पुरं पाहायचं होतं. तुम्ही सरकलात, थांबलात, पुन्हा सरकलात. माझ्यापुरती जागा झाली तेव्हा थांबलात.

मी बाजूला आडवी झाले. तुमचा हात मागं चाचपडत माझ्या दंडावर आला, नेहमीच्याच जागी. आणि भिंतीकडे तोंड करूनच तुम्ही बोललात. आवाज एवढासा, पण मी ऐकला.

"उंदराच्या मादीले एवढा वेळ नाही लागत."

मी हसले, मग रडले, मग दोन्ही. तुमच्या पाठीला तोंड लावून. पाठ हलत होती, म्हणजे तुम्हीही हसत होतात. चेहरा हलत नव्हता तुमचा, पण पाठ हसत होती.

दिग्रसच्या बसस्टँडवर तुम्ही काय सांगणार होतात, ते मला त्या दुपारी कळलं. मी तुम्हाला ते बोलून दाखवलं नाही. वाटलं, आता कशाला, दिसलंच की. वाटलं, पुढं कधीतरी सांगू. मग पावसाळा लागला, तुमच्या छातीत कफ झाला आणि पुढचं सगळं दवाखान्यातच झालं.

आता सांगते. तुमचं खरं होतं. माझं चुकलं होतं. ऐकलंत का? हे वाक्य ऐकायला तुम्ही जन्म घालवलात. सरकलात ते तुम्हीच होतात, आणि माझ्यासाठी सरकलात. तेव्हा तुमच्या अंगात कारखान्याचं काही नव्हतं, मी घड्याळ पाहिलं होतं.

त्या दिवशी दुपारची गोळी मी उशिराच दिली.